जळालेला स्पीकर आणि ‘ओरिजिनल’ आवाज

इलेक्ट्रिक गिटारच्या कॅबिनेटमधल्या चार स्पीकरपैकी एक जळतो आणि वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात चर्चेला तोंड फुटते. आता त्याजागी कोणता बसवायचा? एक म्हणतो, होता तोच आणा. दुसरा म्हणतो, चारही काढून टाका, साठच्या दशकातल्या धाटणीचे घ्या, मग खरा आवाज येईल. तिसरा मॅग्नेट कोणता ते विचारतो, चौथ्याला फक्त वॅट किती ते हवे असते. या साऱ्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘ओरिजिनल’. दुकानदार तोच शब्द उच्चारून दुप्पट किंमत सांगतो आणि गिऱ्हाईक मुकाट्याने ती मोजते.

मला इतिहासात रस असल्यामुळे मी त्या शब्दापाशी अडतो. ओरिजिनल म्हणजे नेमके कशाचे मूळ? कोणत्या साली ठरलेले, कोणी ठरवलेले? गिटारच्या स्पीकरची कथा जरा मागे जाऊन पाहिली, तर तिथे पैशाची चणचण, जळालेल्या कॉइल, फाटलेले कागद आणि आफ्रिकेतल्या एका खाणीच्या गावावर झालेला हल्ला सापडतो. जाणीवपूर्वक ठरवलेला ‘मूळ आवाज’ मात्र कुठे हाती लागत नाही.

लाऊडस्पीकर जन्मला तो माणसाच्या बोलण्यासाठी. पीटर जेन्सन हा डेन्मार्कहून अमेरिकेला गेलेला तंत्रज्ञ. त्याने आणि एडविन प्रिडहॅमने कॅलिफोर्नियातल्या नापा गावी १९१५ च्या सुमारास हलत्या कॉइलचे एक यंत्र तयार केले, त्याला भोंगा जोडला आणि नाव दिले मॅग्नावॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये ‘मोठा आवाज’. सप्टेंबर १९१९ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये काचेच्या खोलीत उभे राहून बोलले आणि त्यांचे शब्द हजारो लोकांना या यंत्रातून ऐकू गेले. पुढे १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी भोंगा काढून टाकला. कागदाचा कोन, त्याच्या टोकाला तारेची बारीक कॉइल, आणि ती कॉइल चुंबकाच्या फटीत मागे-पुढे हलणारी. आज गिटारच्या पेटीत जो स्पीकर आहे त्याची रचना हीच आहे. शंभर वर्षांत मुळात काही बदललेले नाही.

थोडक्यात, या यंत्राला पहिल्यापासून नेमून दिलेले काम होते मूळ आवाज जसाच्या तसा पुढे पोचवण्याचे. ते काम ते खरेच करते का, हा प्रश्न ज्यांनी सर्वांत गंभीरपणे विचारला, त्यांत आपले उलेमा होते. गिटारच्या लेखात मशीद कुठून आली म्हणून कुणाला खटकेल, पण हा प्रश्न इतक्या काटेकोरपणे मला तरी दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेला नाही.

मोठ्या जमातीत मागच्या सफांपर्यंत इमामांचा आवाज पोचत नाही, म्हणून नमाजींपैकीच एक जण तकबीर मोठ्याने पुन्हा म्हणतो. तो मुकब्बिर. सिंगापूरच्या सुलतान मशिदीत १९३६ मध्येच लाऊडस्पीकर बसला होता, आणि हिंदुस्थानातही त्याच सुमारास हे यंत्र येऊ लागले तेव्हा त्याला उर्दूत नाव मिळाले ‘आला-ए-मुकब्बिर-उस-सौत’, आवाज मोठा करणारे साधन. पेच नावातच होता. मुकब्बिर स्वतः नमाजात सामील असतो, म्हणून त्याच्या आवाजावर रुकू-सजदा केला तर चालते. नमाजाबाहेरच्या कुणाच्या सांगण्यावरून हालचाल केली तर नमाज बिघडते. मग स्पीकरमधून येतो तो इमामांचाच आवाज, की यंत्राने तयार केलेला दुसरा एखादा आवाज? दुसरा असेल तर तो नमाजाबाहेरचा ठरतो.

देवबंदचे मुफ्ती मुहंमद शफी यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आधी त्यांचे मत नमाजात हे यंत्र वापरण्याच्या विरुद्ध होते. मग त्यांनी विज्ञानाच्या जाणकारांकडे विचारणा केली. उत्तरे एकसारखी आली नाहीत. कुणी म्हणाले मूळच आवाज वाढून येतो, कुणी म्हणाले ही त्याची प्रतिकृती. मुफ्तीसाहेबांनी पुढे आपले मत बदलले आणि या यंत्रामुळे नमाज मोडत नाही असा निर्वाळा दिला. आज मशिदीच्या छतावरचे भोंगे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की त्यांच्या मागे अशी चिकित्सा झालेली आहे. ‘उलेमांनी लाऊडस्पीकरला विरोध केला’ एवढे एक वाक्य टाकून हसणारे लेख मी बरेच वाचले आहेत. त्यांतल्या एकाही लेखकाला हा प्रश्न काय होता ते समजलेले दिसत नाही.

भौतिकशास्त्राच्या भाषेत पाहिले तर स्पीकरमधून येणारी हवेची लहर नवीच असते. बोलणाऱ्याच्या तोंडातून निघालेली लहर मायक्रोफोनपाशी संपते, पुढे वीज वाहते, आणि शेवटी कागद किंवा पत्रा नव्याने हवा हलवतो. मात्र मशिदीत, सभेत, फलाटावरच्या घोषणेत आपण त्या नव्या लहरीकडून एकच अपेक्षा ठेवतो, तिने स्वतःचे काही मिसळू नये. शब्द कळले की काम झाले.

इलेक्ट्रिक गिटारने ही अपेक्षा उलटी केली. ही वाद्यकथा म्हणूनच मला महत्त्वाची वाटते.

मार्च १९५१. आइक टर्नरचा वाद्यवृंद मिसिसिपीहून मेम्फिसला ध्वनिमुद्रणासाठी निघालेला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्प्लिफायरला इजा झाली आणि त्याचा स्पीकर खरखरू लागला. नवा आणायला वेळही नव्हता आणि सोय तर नव्हतीच. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याने फाटक्या कोनात कागद कोंबला आणि मुद्रण उरकले. ‘रॉकेट ८८’ हे ते गाणे. गिटारचा तो घोगरा, खरखरीत आवाज लोकांना आवडला. पुढे १९५८ मध्ये लिंक रे याने ‘रंबल’ या धूनसाठी तोच परिणाम मुद्दाम साधायला आपल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरना पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’चा डेव्ह डेव्हिस तर एका स्वस्त, छोट्या ॲम्प्लिफायरच्या कोनावर ब्लेड चालवून मोकळा झाला. ‘यू रिअली गॉट मी’मधली गिटार त्या चिरलेल्या कागदातून आलेली आहे.

स्पीकर बदलणाऱ्याने या तीन घटना लक्षात ठेवाव्यात. तिन्ही ठिकाणी स्पीकर बिघडलेला होता आणि तो बदलला गेला नाही म्हणून आवाज झाला. कव्वालीच्या कार्यक्रमात पेटीचा स्पीकर असा खरखरला असता तर आयोजकाने माइकवाल्याची हजेरी घेतली असती. गिटारच्या बाबतीत तो फाटका कागद वाद्याचाच भाग झाला. तारेचे कंपन हे अर्धे वाद्य, उरलेले अर्धे त्या बारा इंची कागदात. म्हणून गिटारचा स्पीकर निवडणे हे सभागृहाचा स्पीकर निवडण्यासारखे नाही. सतारीसाठी भोपळा निवडण्याशी त्याचे जास्त नाते आहे.

आता लंडनकडे. जिम मार्शल हा मूळचा ढोलकिया, म्हणजे ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा. १९६० मध्ये त्याने पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान काढले. ड्रम शिकायला येणाऱ्या पोरांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्र येऊ लागले. त्यांत पीट टाउनशेंड होता, रिची ब्लॅकमोर होता. त्यांना अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा ‘बेसमन’ ॲम्प्लिफायर हवासा वाटे. हा बास गिटारसाठी बनवलेला, पण साध्या गिटारवाल्यांनी पळवलेला ॲम्प्लिफायर. त्यात दहा इंची चार स्पीकर असत, जेन्सन कंपनीचे पी१०आर. जेन्सन म्हणजे तोच नापाचा पीटर जेन्सन. मॅग्नावॉक्स सोडून त्याने १९२७ मध्ये आपल्या नावाने कंपनी काढली होती. पेटी मागून उघडी. इंग्लंडमध्ये अमेरिकन माल फार महाग पडत असे.

मग १९६२ मध्ये मार्शलच्या दुकानातल्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांनी बेसमनचे सर्किट समोर ठेवून आपला ॲम्प्लिफायर जोडला. नक्कलच होती ती, आणि कुणी लपवलीही नाही. पण सुटे भाग स्थानिक होते. स्पीकर घेतले सेलेस्टियनचे. १९२४ पासून रेडिओच्या जमान्यातली ही इंग्लिश कंपनी. तिचा बारा इंची जी१२ स्पीकर जेमतेम १५ वॅटचा. तोच स्पीकर व्हॉक्स कंपनीच्या एसी३० मध्ये दोन लावत, १५ आणि १५ मिळून ३०, हिशोब काठोकाठ. मार्शलचा ॲम्प्लिफायर त्याहून दांडगा होता. दोन स्पीकर लावून पाहिले तर ते टिकेनात. म्हणून चार लावले, म्हणजे ६० वॅट सोसतील.

चार गुणिले बारा इंच ही पेटी आज जगभरच्या रॉकच्या रंगमंचावर उभी असते, तिच्या रचनेवर ग्रंथ लिहिले जातात. प्रत्यक्षात चार स्पीकर मावतील एवढी लहानात लहान पेटी केली, कारण ती गाडीत घालून न्यायची होती. मागची बाजू बंद केली. वरची बाजू तिरकी कापली ती नुसती दिसायला बरी म्हणून. वर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरशी ती जुळून दिसावी एवढाच हेतू. पुढे टाउनशेंडने एकाच पेटीत आठ स्पीकर मागितले, मार्शलने बनवूनही दिले. ते उचलणाऱ्या हमालांचे हाल झाले आणि पेटीचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवण्याची पद्धत पडली. म्हणजे ज्या आवाजाला आपण ओरिजिनल म्हणतो, तो महाग आयात, दुबळे स्पीकर, गाडीचा आकार आणि हमालांची कंबर यांनी मिळून घडवलेला आहे.

दुकानात तिसऱ्या गिऱ्हाइकाने विचारलेला मॅग्नेटचा मुद्दा इथे येतो. त्याची हकिकत याहून लांबची आहे.

सुरुवातीच्या स्पीकरमध्ये कायमचे चुंबक नसे. तारेची मोठी गुंडाळी करून तिच्यातून वीज सोडत. टोकियोत १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा याने लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा जबर चुंबकीय मिश्रधातू शोधला. त्यात कोबाल्टची भर पडून पुढे जो झाला तो ‘अल्निको’. जेन्सनच्या पी मालिकेत हाच, व्हॉक्सच्या निळ्या सेलेस्टियनमध्ये हाच. त्याच टोकियो शहरात वर्षभर आधी कातो आणि ताकेई या दोघांनी फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून मातीच्या भांड्यासारखे भाजून केलेले चुंबकीय द्रव्य तयार केले होते. नेदरलँड्सच्या फिलिप्सने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून स्वस्त कायमचुंबक बाजारात आणले. दुकानात ‘सिरॅमिक मॅग्नेट’ म्हणतात तो हा.

साठच्या दशकाच्या मध्यावर सेलेस्टियनने गिटारच्या स्पीकरमध्ये अल्निको सोडून सिरॅमिक घेतला. कारण सरळ होते, तो स्वस्त पडे. त्यातून आला जी१२एम, मागे हिरवे झाकण असलेला, म्हणून ‘ग्रीनबॅक’. आधी २० वॅटचा, मग २५ वॅटचा. नावातला एम म्हणजे मध्यम वजनाचे चुंबक. जड चुंबकवाला ३० वॅटचा भाऊ जी१२एच. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जे रॉक संगीत घडले त्याचा मोठा भाग या स्वस्त पर्यायातून ऐकला गेला. म्हणजे आज जो ‘ग्रीनबॅकचाच आवाज खरा’ म्हणतो, त्याचा मूळ स्पीकर हाच मुळी कुणाच्या तरी बदली आलेला होता.

अल्निकोला खरा दणका १९७८ मध्ये बसला. त्या वर्षी मे महिन्यात झायरच्या शाबा प्रांतात, म्हणजे आजच्या काँगोतल्या कातांगात, बंडखोरांनी कोल्वेझी हे खाणींचे गाव ताब्यात घेतले. फ्रान्सने तिथे हवाई छत्रीने सैनिक उतरवले. जगातल्या कोबाल्टचा फार मोठा हिस्सा त्या पट्ट्यातून येत असे. कोबाल्टचे भाव काही पटींनी चढले. अमेरिकेतल्या जेबीएलसारख्या कंपन्यांनी त्यानंतर आपले अल्निको स्पीकर गुंडाळून फेराइटची वाट धरली. आज अल्निकोचा स्पीकर सिरॅमिकच्या जवळजवळ दुप्पट भावाने विकला जातो आणि गिऱ्हाईक समजते की ही किंमत सुराच्या गोडव्याची आहे. त्यातला बराच वाटा धातूच्या भावाचा आहे. त्याच कातांगातून आजही मोबाइलच्या बॅटरीसाठी कोबाल्ट निघतो, आणि तिथल्या खाणमजुरांची हलाखी वर्षानुवर्षे जगासमोर आहे.

माझ्या कानाला विचाराल तर अल्निको आणि सिरॅमिकमधला फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. कोनाचा कागद, त्याच्या कडेच्या सुरकुत्या, कॉइलचा व्यास आणि तिची बैठक, यांचा वाटा मोठा. जुन्या ग्रीनबॅकचे कागदी कोन पल्सोनिक नावाची बाहेरची कंपनी करून देई. सत्तरच्या दशकात तिचे कोन मिळेनासे झाले, दुसरीकडून आणावे लागले, आणि जाणकार मंडळी तेव्हापासून आजतागायत हळहळत आहेत. चुंबक तोच, नाव तेच, झाकणाचा रंग तोच, कागद वेगळा. मग ओरिजिनल कोणता? जेन्सनचे जुन्या धाटणीचे स्पीकर आज इटलीत तयार होतात, सेलेस्टियनचे कितीतरी नमुने चीनमध्ये. यात कमीपणा काही नाही. नावाचा शिक्का आणि आवाज या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एवढे गिऱ्हाइकाने ओळखावे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो, कारण स्पीकर जळालेल्या माणसाला इतिहास सांगून घरी पाठवणे बरे नव्हे.

पहिले पाहायचे ते ओहम. मार्शल पद्धतीच्या पेटीत चार स्पीकर दोन-दोनच्या जोड्यांत अशा रीतीने जोडलेले असतात की प्रत्येक १६ ओहमचा असेल तर पूर्ण पेटीही १६ ओहमची होते, प्रत्येक ८ चा असेल तर पेटी ८ ची. चारातला एक बदलताना बाकी तिघांएवढ्याच ओहमचा हवा. मल्टिमीटर लावला तर आकडा थोडा कमी दिसतो, ८ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवतो. घाबरायचे कारण नाही. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली. व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला उलट भीती असते ती ओहम फार कमी झाल्याची.

मग वॅट. इथे इतिहास थेट कामाला येतो. शंभर वॅटचा व्हॉल्व ॲम्प्लिफायर पूर्ण पिळला की शंभराहून बरेच जास्त बाहेर टाकतो. चार ग्रीनबॅक मिळून शंभर. म्हणून त्या काळी स्पीकर धडाधड जळत. मार्शलने ऐंशीच्या दशकात आपल्या पेटीत ७५ वॅटचे चार बसवले, एकूण ३००, आणि कटकट मिटली. पण जाड कॉइल आणि दणकट कोन असलेला स्पीकर मध्यम आवाजाला निवांत बसून राहतो. दुबळा स्पीकर मर्यादेच्या जवळ आला की त्याचा कागद ठिकठिकाणी वेगवेगळा थरथरू लागतो आणि सुराला ती ओळखीची कडा येते. दणकट स्पीकरला तिथवर न्यायला शेजाऱ्यांशी भांडण करावे लागेल. टिकाऊपणा वाढवला की आवाज बदलतो. या व्यवहारातून अजून कोणत्याही कंपनीची सुटका झालेली नाही. घरी किंवा लहान हॉलमध्ये वीस-तीस वॅटवर वाजवणाऱ्याने ७५ वॅटच्या स्पीकरमागे धावू नये. रंगमंचावर शंभर वॅट पिळणाऱ्याने पंचवीसचे चार लावून नशिबावर हवाला ठेवू नये.

तिसरा आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत, तो म्हणजे संवेदनशीलता, डेसिबलमध्ये दिलेली. सेलेस्टियनचा १९८६ मध्ये आलेला ‘व्हिंटेज ३०’ किंवा जुना निळा अल्निको १०० डेसिबलचा आहे. ९७ डेसिबलच्या स्पीकरच्या जागी तो बसवला तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्यासारखे होते. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती. चारांत एकच असा असेल तर तो बाकी तिघांवर ओरडत राहतो. जुन्या तिघांत नवा कोरा एक मिसळतानाही असेच काहीसे होते. जुन्यांच्या कडा वापरून सैल झालेल्या असतात, नव्याची अजून ताठ असते. म्हणून एकच बदलायचा असेल तर त्याच नमुन्याचा घ्यावा, नाहीतर जोडी बदलावी. दोन वेगळे नमुने तिरक्या जोडीने लावून मिश्र आवाज काढणारे वाजवणारेही आहेत, आणि ते चूक करत नाहीत.

अनुनादाचा आकडा, ५५ की ७५ हर्ट्झ, हाही पाहून घ्यावा. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. ७५ वाला स्पीकर खालचे सूर आवळून देतो, ५५ वाला जरा सैल आणि भारदस्त. ज्यांच्या संचात बास गिटार आहे त्यांना पहिला सोयीचा, दोघांची गर्दी होत नाही.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे, जी परदेशी सल्ल्यांत फारशी नसते. जळालेला स्पीकर टाकायचाच असे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत कॉइल आणि कोन बदलून देणारे कारागीर बसलेले आहेत. साउंडवाल्यांचा सगळा धंदा त्यांच्यावर चालतो. चुंबक आणि सांगाडा तोच राहतो, आतला कागद नवा. पैसे थोडे लागतात. पण कारागिराला स्पष्ट सांगावे लागते की हा गिटारचा स्पीकर आहे. नाहीतर तो प्रामाणिकपणे, चांगल्या भावनेने, डीजेच्या स्पीकरचा जाड कोन आणि मोठी कॉइल बसवतो. स्पीकर आयुष्यभर जळणार नाही, पण तो गिटारसारखा वाजणारही नाही.

मशिदीच्या विश्वस्तांनी मात्र नेमके उलटे करावे. भोंग्याच्या युनिटचा पडदा गेला की त्याच कंपनीचा, त्याच मापाचा पडदा घ्यावा. तिथे स्वभाव असलेला स्पीकर नको. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात भोंगा हा शब्द इतका तापला आहे की त्याच्या तंत्राबद्दल कुणी बोलत नाही. सांगतो कारण अनेक ठिकाणी ऐकू येणारा कर्कशपणा आवाज मोठा असल्याचा नसून चेपलेल्या, चिरलेल्या पडद्याचा असतो. अजान त्या खरखरीतून यावी असे कुणालाच वाटत नसेल. पडदा बदलला आणि ॲम्प्लिफायरची कळ मागे घेतली की शब्द जास्त स्पष्ट कळतात.

आणि या दोन टोकांच्या मध्ये आपले बेंजो पथक आहे. मुंबईत आणि कोकणात मिरवणुकीत वाजतो तो बेंजो म्हणजे विजेवर चालणारा बुलबुल तरंग, आणि त्याचा आवाज हातगाडीवरच्या भोंग्यांतून येतो. भोंगा बोलण्यासाठी बनलेला, त्यात खालचे सूर नाहीतच, वरचे टोकदार. तरी बेंजोवाल्याला तोच हवा असतो. चांगल्या, सपाट आवाजाच्या स्पीकरवर बेंजो लावून पाहिला तर तो मिळमिळीत वाटतो. हॅनवेलच्या दुकानात गिटारवाल्या पोरांनी जे केले तेच इथल्या पोरांनी हाती लागलेल्या भोंग्याशी केले, कुणी न सांगता.

तेव्हा जळालेल्या स्पीकरकडे वळताना पेटीच्या मागचा पत्रा काढण्याआधी तारांचा फोटो काढून ठेवावा. नवा बसवल्यावर नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर त्याच्या टोकांना लावून पाहावी: धन टोकाला धन लावले की कोन पुढे यायला हवा. चारही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक उलटा जोडला गेला असेल तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि माणूस उगीच महागड्या स्पीकरला दोष देत बसतो.